डावा सहा

कंपनीत तिला सगळे बदली म्हणत. खरं नाव करारावर होतं आणि बहुतेक तिथेच राहून गेलं होतं. कामच तसं होतं तिचं. गाण्यानाचाचं भलंमोठं नाटक, वर्षातले दहा महिने या शहरातून त्या शहरात फिरणारं. त्यात मागे समूहात नाचणारे अकरा जण. त्या अकरांतल्या कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा घसा बसला, कुणाच्या घरी काही निघालं, की त्याच्या जागी बदली उभी. बायकांच्या सहा जागा तिला पाठ होत्या आणि पुरुषांच्या पाचही. टोपी चढवली, मिशी चिकटवली की तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागत नसे. नऊ वर्षं ती हे करत होती. पण आपली म्हणावी अशी एकही जागा तिला नव्हती, आणि सगळे ठणठणीत असले की प्रयोगभर शेवटच्या रांगेत वही घेऊन बसायचं, एवढंच तिच्या वाट्याला यायचं.

आजारी पडलेला माणूस आधीच अर्धमेला, वर आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा म्हणून शरमिंदा. बदली त्याला विंगेत गाठायची, पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "तू जा निवांत. इथे मी आहे ना." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की कंपनीतली टवाळ मंडळी जेवताना एकमेकांना तिच्या आवाजात ते ऐकवायची. तीही हसायची. बदली आली की मूळ माणूस घरी जातो, हा या धंद्याचा साधा हिशेब, आणि तो तिने कधी चुकू दिला नव्हता.

तिची वही म्हणजे तिचा जीव. प्रत्येक जागेला एक पान. स्टेजच्या पुढच्या कडेवर पांढऱ्या पट्टीने आकडे चिकटवलेले असतात: मधोमध शून्य, मग दोन्ही बाजूंना दर दोन फुटांवर एक, दोन, तीन, असे दहापर्यंत. नाचणारा त्या आकड्यांवरून आपली जागा धरतो. डावा चार, उजवा सात. बदलीच्या पानावर हे सगळं हिरव्या पेन्सिलीने मांडलेलं असायचं. वर 'प्रवेश', खाली 'निर्गमन', मधे सगळं गाणं. तिला हे काम शिकवणारी म्हातारी बदली एकच गोष्ट घोकून घ्यायची: आधी बाहेर पडायची वाट लिही, मग आत पाऊल टाक. घाईत चढवलेला माणूस आत कसाही जातो, पण दिवे लागल्यावर भर नाचात बाहेर कुठून पडायचं हे ठाऊक नसेल, तर चौघांना आडवा करतो. "निर्गमन कोरं असलेलं पान घेऊन विंगेतसुद्धा उभी राहू नकोस," म्हातारी म्हणायची, आणि बदलीने ते नऊ वर्षं पाळलं.

आता घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला एक मुलगी होती, आठ वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी ताईकडे, म्हणजे बदलीच्या थोरल्या बहिणीकडे वाढत होती. वडील कुठे हा विषय त्या घरात निघत नसे, तेव्हा इथेही नको. मागच्या सुट्टीत बदली मोठ्या हौसेने खेळणं घेऊन दारात उभी राहिली. दार भिंगरीनेच उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार शहाण्यासारखी म्हणाली, "तुम्ही बसा ना. मावशी येतेच एवढ्यात."

आईला तुम्ही! शेजारच्या काकूंना म्हणावं तसं. बदलीने त्या दिवशी न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून रडून घेतलं.

म्हणून या शहरातला आठवडा तिच्यासाठी साधा नव्हता. हेच नाटक पुढच्या मोसमापासून एका ठिकाणी कायमचं बसणार होतं, आणि ते ठिकाण ताईच्या घरापासून बसने तासाभरावर होतं. समूहातले सहाजण तिकडे घ्यायचे होते. दिग्दर्शिकाबाई शनिवारी दुपारच्या प्रयोगाला येऊन ते ठरवणार होत्या.

"आणि बाई स्टेजवर दिसेल त्यालाच बघतात," नाचाच्या कप्तानबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. समूहाची कवायत चोख ठेवायचं काम या बाईंचं. बोलणं तुटक, पण मनाने वाईट नव्हत्या. "शेवटच्या रांगेत नाही बघत त्या. एखादा शनिवारी आजारी पडला तर तुझं नशीब."

शनिवारी कुणीतरी आजारी पडावं अशी प्रार्थना करायची तिला लाज वाटली, पण केली तिने.

सोमवारी सामान उतरलं. थिएटर प्रशस्त होतं, नुकताच रंग दिलेलं. रंगपटात अजून त्याचा वास होता आणि आरशांच्या कडांना पांढरे शिंतोडे. स्टेज नेहमीपेक्षा चार फूट रुंद. मंगळवारी पहिला प्रयोग झाला. बदली शेवटच्या रांगेत बसली, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल.

दुसऱ्या अंकात स्टेशनचं गाणं होतं. प्रवासी फलाटावर गाडीची वाट बघत उभे असतात, गाडी काही येत नाही, आणि वाट बघता बघता त्यांचे पाय हलायला लागतात. नऊ मिनिटांचं गाणं, नाटकातलं सगळ्यांत अवघड. त्या दिवशी गाणं मध्यावर आलं तेव्हा तिला डावा सहा रिकामा दिसला.

रिकामी जागा दिसण्यात काही विशेष नाही. स्टेज रुंद झालं की माणसं पांगतात, आणि कप्तानबाई दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फैलावर घेतात. बदलीने 'डावा सहा, भोक' असं टिपून ठेवलं. पण बुधवारीही ते तिथेच होतं, आणि आता नीट बघितल्यावर ते भोक वाटेना. डावा पाच आणि डावा सात धावत समोरासमोर आले की डाव्या सहाशी वळसा घेत होते. घेरदार झग्यातली मुलगी तिथून जाताना झग्याचा घेर हाताने आवरून घेत होती. गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून माणूस जसा अंग चोरतो, तसे अकराही जण तिथे अंग चोरत होते. आणि गाण्याच्या शेवटी, जिथे सूर सगळ्यांत वर चढतो, तिथे पैलवान पुढे आला.

पैलवान म्हणजे समूहातला सगळ्यांत दांडगा गडी. उचलाउचलीची सगळी कामं त्याची. तो डाव्या सहाशी आला, गुडघ्यात वाकला, दोन्ही हात पुढे घेतले आणि सावकाश डोक्यावर नेले. हातात काही नव्हतं. चार ताल ते हात तसेच वर राहिले. शेवटच्या रांगेतूनसुद्धा बदलीला त्याच्या दंडांची थरथर दिसली. मग त्याने हात जपून खाली आणले, आणि बोटं हलकेच सोडली.

तिने वही मिटली.

प्रयोगानंतर पैलवान जिन्यावर बसून खांद्याला मलम चोळत होता.

"काय रे, स्टेशनच्या गाण्यात शेवटी कुणाला उचलतोस?"

"कुणाला? त्या गाण्यात मला उचल नाहीच. शेवटी मी उभा असतो नुसता. तेवढाच आराम."

"हात वर नेतोस की."

"मी?" तो हसला. "बदले, डोळे तपासून घे. नाहीतर शेवटची रांग सोड, पुढे येऊन बस."

"मग खांद्याला काय झालं?"

त्याचं हसू ओसरलं. मलमाची नळी त्याने दोनदा उलटसुलट केली. "तेच कळत नाही. सोमवारी तर ठीक होता."

बदली विचार करणारी बाई होती. नऊ वर्षं अकरा माणसांची पावलं डोक्यात वागवायची म्हणजे डोकं ताळ्यावर लागतं. तिने ठरवलं, की ही काहीतरी सवय असणार. पूर्वी कधीतरी तिथे बारावा प्रवासी असेल, पुढे खर्च कमी करायला काढला असेल, आणि अंगात मुरलेली जागा या मोठ्या स्टेजवर पुन्हा बाहेर आली असेल. शरीराची आठवण डोक्यापेक्षा चिवट असते. हे उत्तर तिला बरं वाटलं आणि ती सामानवाल्या काकांकडे गेली. नाटकातली हर एक काठी, छत्री, टोपी यांच्या ताब्यात.

"काका, स्टेशनच्या गाण्याच्या बॅगा किती?"

"बारा," काका यादीत न बघता म्हणाले.

"प्रवासी तर अकरा आहेत."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग यादी काढली. यादीत बारा होत्या. फळीवरही बारा होत्या, सगळ्या तपकिरी, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. "पहिल्यापासून बारा मांडतो मी," काका म्हणाले, आणि आपणच विचारात पडले. "बारावी कोण उचलतं, ते काही आठवत नाही बघ. गाणं झालं की मीच आणतो आत."

बदलीने अकरावी उचलून बघितली. नाटकातल्या बॅगा पोकळ असतात, खेळण्यासारख्या हलक्या. मग तिने बारावी धरली, आणि ती जेमतेम बोटभर हलली. आत कपडे घडी करून गच्च भरावेत, तसं वजन. कुलपाची किल्ली काकांकडे नव्हती. बारावीला कुलूप आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"राहू दे गं," काका जरा घाईने म्हणाले. "कशाला हात लावतेस?"

गुरुवारी सकाळी तिने वही पहिल्या पानापासून चाळली. नेहमीचंच काम, अकरा पानं. अकरावं उलटलं की तिच्या खरेदीच्या याद्या आणि भिंगरीच्या वाढदिवसाचे बेत सुरू होत. तिने अकरावं उलटलं, आणि पुढे बारावं होतं.

हिरवी पेन्सिल. तिचंच अक्षर, गिरकीसाठी ती छोटा त्रिकोण काढते, तोही जागच्या जागी. वर लिहिलं होतं, 'स्टेशन. बारा. प्रवेश: उजव्या विंगेतून, सतराव्या तालावर.' मग नऊ मिनिटांचं सगळं गाणं, एकही पाऊल न गाळता. डावा सहा. उचल. चार ताल वर.

निर्गमन कोरं होतं.

हे आपण लिहिलेलं नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. कुणी थट्टा केली असेल म्हणून तिने पानाची शिवण तपासली. पान नंतर चिकटवलेलं नव्हतं, दोऱ्यातच होतं. तीन वर्षांपूर्वी एका रंगपटात तिच्या हातून वहीवर कॉफी सांडली होती. तो डाग दहाव्या पानावर होता, अकराव्यावर होता, पुढच्या खरेदीच्या यादीवरही होता. बाराव्यावरही होता. त्याच आकाराचा, किंचित फिका. म्हणजे तीन वर्षांपूर्वीही हे पान इथेच होतं, आणि त्यानंतर शेकडो वेळा तिने ही वही उलटली होती.

पान फाडून टाकावं असं मनात आलं. पण मग ती वाचत गेली, वाचता वाचता तिचे पाय जागच्या जागी हलायला लागले, आणि तिच्या ध्यानात आलं की हे पान आपल्याला पाठ आहे. इतर अकरा पानं तिने घाम गाळून पाठ केली होती. कुणाचं पाऊल तिच्यापेक्षा मोठं, कुणाची उंची जास्त. प्रत्येक जागेत शिरायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून धावायचं. या पानात तसं काही नव्हतं. प्रत्येक पाऊल तिच्या मापाचं होतं.

शुक्रवारी सगळे ठणठणीत. एक शिंक नाही कुणाला. संध्याकाळच्या प्रयोगाआधी तिने घरी फोन लावला.

"तुम्ही कधी येणार?" भिंगरीने विचारलं.

मागून ताईचा आवाज आला, "अगं, आईला तुम्ही काय म्हणतेस! तू म्हणावं."

"बरं. तू कधी येणार?" धडा वाचून दाखवावा तसं भिंगरी म्हणाली.

"येईन गं राणी. आणि आता आले ना, की परत जाणारच नाही."

"मागच्या वेळीपण असंच म्हणाली होतीस."

फोन ठेवून ती तडक कप्तानबाईंकडे गेली. मनात म्हातारीचे शब्द येत होते, पण ते तिने मागे सारले. सहाजणांत नाव लागलं पाहिजे, आणि त्यासाठी उद्या दुपारी कुठेतरी उभं राहिलं पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं. वही तिच्या छातीशी होती.

"कप्तानबाई, उद्या स्टेशनच्या गाण्यात मी डाव्या सहावर उभी राहू?"

कप्तानबाई बुटाची नाडी बांधत होत्या. एरवी त्या फाडकन नाही म्हणाल्या असत्या. आज त्यांचे हात थांबले. त्यांनी बदलीकडे बघितलं, एखादं नाव जिभेवर येऊन अडावं तसं.

"तिथे जागा आहे," त्या म्हणाल्या. ते विचारणं होतं की सांगणं, कळलं नाही.

"आहे."

"कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही, बाई."

"मग राहा उभी." त्यांनी कपाळ चोळलं. "बाहेर कुठून पडायचं, ते बघितलंस ना?"

"बघितलंय," बदली म्हणाली. नऊ वर्षांत ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही या बाबतीत.

शनिवारी दुपारी तीनला पडदा उघडला. दिग्दर्शिकाबाई पाचव्या रांगेत कडेला बसल्या होत्या, मांडीवर छोटी टाचणवही. बदलीने कपाटातला जास्तीचा प्रवासी झगा घातला. हा झगा तिने कधी घातला नव्हता, कारण ज्याच्या जागी जायचं त्याचेच कपडे ती चढवायची. तरी कमरेत कुठे टाचून घ्यावं लागलं नाही. सव्वाचारच्या सुमाराला ती उजव्या विंगेत उभी राहिली. काका तिथेच होते.

"काका, बारावी बॅग मांडली?"

"मांडली की. डाव्या सहावर."

तेराव्या तालाला तिला परत फिरावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मग पाचवी रांग दिसली.

सतरा.

ती आत गेली.

डाव्या सहावर बॅग नव्हती. आकडा होता, पांढऱ्या पट्टीवर, आणि त्याच्यामागे स्वच्छ मोकळी जागा. ती त्या जागेत शिरली आणि जागा तिच्याभोवती बसली.

हात पुढे करायच्या आधी समोर हात होता. वळायच्या आधी वाट होती. झग्यातली मुलगी जवळून गेली आणि डोळ्यांत बघून हसली, जुन्या मैत्रिणीकडे बघावं तशी. नऊ वर्षांत बदलीकडे कुणी स्टेजवर असं बघितलं नव्हतं. ती ज्या जागेवर उभी राहायची, तिथल्या नेहमीच्या माणसालाच सगळे शोधायचे.

तिला रडू आलं आणि ती नाचत राहिली.

सूर चढला. पैलवान आला. त्याच्या हातांना तिचं वजन माहीत होतं.

वर.

एक ताल. खाली अंधारात पाचवी रांग. एक हात काहीतरी लिहीत होता.

दोन. शेवटची रांग दिसली, तिची रोजची खुर्ची. तिथे कुणीतरी उठून उभं राहत होतं.

तीन. ती बाई होती. तपकिरी बॅग दोन्ही हातांनी उचलून घेत होती.

चार. बाहेरचं दार उघडलं, दुपारचं ऊन आत आलं, आणि दार मिटलं.

टाळ्या. टाळ्या. टाळ्या.

रंगपटात बदली आरशासमोर खुर्चीत बसली होती. सगळे येऊन पाठ थोपटत होते. पैलवान म्हणाला, खांदा आज एकदम मोकळा आहे. मग दारात कप्तानबाई आल्या. त्या हसत होत्या, आणि त्यांना हसताना कंपनीने वर्षभरात बघितलं नव्हतं.

"बाईंनी विचारलं, डाव्या सहावर कोण होती. म्हणाल्या, बाकी पाच नंतर ठरवू, ही आधी लिहा. जागा पक्की तुझी."

बदलीने तोंडावर दोन्ही हात घेतले. झालं! बसने तासभर. सकाळी भिंगरीची वेणी घालून, डबा भरून निघायचं आणि परत घरी जायचं. तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

"अगं, पण ते उठून गेलेलं कोण होतं? शेवटच्या रांगेतून?" तिने झग्यातल्या मुलीला विचारलं.

"कोण गेलं? मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या आज."

दिवे डोळ्यांवर आले की काय काय दिसतं, असं बदलीने स्वतःला सांगितलं. शिस्तीची बाई, वही उघडली, बारावं पान काढलं, हिरवी पेन्सिल घेतली. जे आधी लिहायला हवं होतं ते निदान आता लिहावं, म्हणून. 'निर्गमन' या शब्दापुढे तिने टोक टेकवलं.

आपण बाहेर कुठून पडलो?

डावी विंग? उजवी? पैलवानाने खाली ठेवलं, ते आठवत होतं का? टाळ्या आठवत होत्या. मग ही खुर्ची. मधलं काही नव्हतं.

काका दारावरून चालले होते. "काका, बारावी बॅग आणली का आत?"

"बारावी कुठली?" काकांनी यादी तिच्यासमोर धरली. "अकरा प्रवासी, अकरा बॅगा."

संध्याकाळच्या प्रयोगाला अजून वेळ होता. सहा वाजत होते. आधी भिंगरीला सांगू, मग बाकीचं बघू, असं म्हणून तिने घरी फोन लावला. दुसऱ्याच घंटीला भिंगरीने घेतला. धापा टाकत होती, कुठूनतरी पळत आल्यासारखी.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी गं. आई."

पलीकडे खुदकन हसू. "नाही काही! आई तर इथे आहे."

"काय म्हणतेस?"

"आज आली. सव्वाचारला. माझं कार्टून लागलं होतं. मावशी म्हणाली, अगं कळवायचं तरी." भिंगरीला दम लागत होता, पण सांगायचं थांबेना. "तिची नवी बॅग आहे, तपकिरी. वर बारा लिहिलंय. सगळे कपडे काढून कपाटात लावले आम्ही. आणि आता ती परत जाणारच नाहीये. खरंच. मी विचारलं तिला."

तिथून घर गाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस लांब होतं. बदलीने आरशाची कड धरली.

"भिंगरे, ऐक. मावशीला बोलाव. मावशीला दे फोन."

"मावशी गेली बाहेर. थांबा हं, तुम्ही आईशीच बोला." फोनवरून तोंड बाजूला झालं आणि आवाज घरात धावत गेला. "आई, ए आई! तू घे ना. बघ ना कोण बाई आहेत."

पावलं आली. नाचाच्या बुटांची, टाच आधी टेकणारी. फोन कुणीतरी हातात घेतला, आणि बदलीला श्वास ऐकू आला, नऊ मिनिटं नाचल्यावर लागतो तसा.

"हॅलो," तिचाच आवाज म्हणाला. जरासा थकलेला, पण समाधानी. "तू नाच निवांत. इथे मी आहे ना."

फोन हळूच खाली ठेवला गेला. तो नीट बसला नसावा, कारण त्यानंतरही बराच वेळ भिंगरीचं हसणं ऐकू येत होतं.